कज्जी डॉक्टरबाई

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला दारात आला, तशी मी खडू ठेवून निघाले. हेडबाईंच्या खोलीत रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवलेला होता. पलीकडे कमळव्वा होती, धारवाडला माझ्या बहिणीकडे स्वयंपाकाला असलेली बाई. तिला फोनवर बोलायची सवय नाही, त्यामुळे ती ओरडत होती. "अक्कार कुर्च्याग कुंतार्री... एळवल्लर्री." अक्का खुर्चीत बसल्या आहेत, उठत नाहीत. मी रिसीव्हर ठेवला. काय झालं, असं हेडबाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, "अक्का बसलीय म्हणे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना कसं सांगणार? माझी थोरली बहीण शालन, हुबळी-धारवाडातल्या कुत्री पाळणाऱ्यांची डॉक्टरबाई, दिवसाउजेडी खुर्चीत बसलेली मी कधी पाहिलेली नव्हती. ती जेवायची ती ओट्यापाशी उभी राहून, पेपर वाचायची तो अंगणात फेऱ्या घालत. ती बसलीय आणि उठत नाही, याचा अर्थ एकच होता.

धारवाडला पोचेपर्यंत बसमध्ये मी काय केलं, आठवत नाही. जागा रिकामी असूनही उभी राहिले, एवढं आठवतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. तिथे कुत्र्यांच्या मालकांसाठी ठेवलेल्या लाकडी खुर्चीत ती होती. स्वतःसाठी तिने खुर्ची घेतलीच नव्हती. हृदय बंद पडलं, क्षणात गेल्या असतील, त्रास झाला नसेल, असं शेजारचे डॉक्टर म्हणाले. सगळे हेच म्हणतात... मी मात्र तिच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, काळवंडलेले, भेगाळलेले आणि अगदी स्थिर. गेल्या कित्येक वर्षांत ते हात एका जागी राहिलेले मी पाहिले नव्हते. मनगट दंडावर घास, बोटं मानेवर ने, पदराच्या काठाने कोपर चोळ, असं चालूच असायचं. भेटायला आलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हातांना काय झालं होतं हो? कुत्र्यांचं काही लागलं होतं का?" तेव्हा मी त्यांना बसायला सतरंजी दाखवली. आता महिना उलटून गेलाय, घर आवरायचं काम माझ्याकडे आहे, आणि आवरायला घेतलं की एकही गोष्ट हातातून खाली ठेववत नाही. म्हणून म्हटलं, त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर लिहूनच टाकावं. उत्तर जरा लांब आहे.

आमचे वडील, अप्पा, धारवाडला वकिली करायचे. अक्काने गुरांची डॉक्टर व्हायचं म्हटलं तेव्हा त्यांनी आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं आणि मग स्वतःच तिला बेंगळूरला कॉलेजात पोचवून आले. वर्गात ती एकटी मुलगी. सरकारी नोकरी लागली ती हुबळीपलीकडे, कलघटगीला. तिथले शेतकरी सुरुवातीला तिला बघून बैल परत न्यायचे. मग एकदा एक अडलेली म्हैस तिने सोडवली, आणि पुढे लोक पहाटे येऊन तिला बैलगाडीत घालून न्यायला लागले. ती वर्षं तिला फार आवडली असावीत. पण एका खोंडाने तिच्या उजव्या खांद्यावर अशी लाथ झाडली, की तो हात पुन्हा पुरता वर गेला नाही. मोठ्या जनावरांची कामं सुटली. नोकरी सोडून ती धारवाडला आली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिने कुत्र्यामांजरांचा दवाखाना उघडला. आणीबाणीच्या थोडं आधीची गोष्ट. कुत्र्यांसाठी वेगळी डॉक्टर, ही लोकांना चैन वाटायची. अप्पा म्हणाले, "शालन, लोक इथे स्वतःला दाखवायला कां-कूं करतात, कुत्री कोण आणणार?"

पण लोक आणायला लागले, आणि आणायचे ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: खाज. कुत्रं रात्रंदिवस खाजवतं, स्वतःलाच चावतं, केस झडले, अंगाला वास येतो, घरात कुणाला झोप नाही. दवाखान्यात येईपर्यंत लोकांनी काय काय करून झालेलं असायचं! कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडलेलं, कुणी रॉकेल, कुणी ढेकणांची पावडर. अक्का आधी ते सगळं साबणाने धुऊन काढायची, धुता धुता मालकाला खडसवायची आणि मग खाज कशाची आहे ते बघत बसायची... बसायची म्हणजे उकिडवी, कुत्र्याच्या भोवती फिरत. खरजेचे किडे असले तर गंधकाचं मलम आणि औषधी अंघोळ, पिसवा असल्या तर कुत्र्याबरोबर सगळं अंथरूण-पांघरूण. पण काही कुत्र्यांच्या अंगावर काहीच सापडायचं नाही. चामडी लाल, गरम, आणि जनावर वेडंपिसं. ॲलर्जी, ती म्हणायची. तिथे तिचं ज्ञान अडायचं. आणि अशा वेळी हाताशी होतं ते स्टेरॉइडचं इंजेक्शन.

मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलंय. रेल्वेतल्या एका साहेबांची अल्सेशियन कुत्री होती, सारखी गोल गोल फिरून स्वतःची मांडी कुरतडायची, तिच्याकडे बघून आपल्याच अंगाला खाज सुटावी अशी. अक्काने सुई दिली. दुसऱ्या दिवशी साहेबांची बायको मिठाईचा पुडा घेऊन आली. "डॉक्टर, आमची क्वीनी झोपली! तीन महिन्यांत पहिल्यांदा झोपली!" हे गावभर झालं. भाजीबाजारातली माणसंसुद्धा तिला ओळखायला लागली. कानडीत खाजेला, खरजेला कज्जी म्हणतात. तर आमची अक्का झाली कज्जी डॉक्टरबाई. हे नाव तिला आवडायचं. दारावरच्या पाटीवर हेच रंगवून घेते, असं अप्पांना चिडवायची.

दत्तोबाशेठ तिच्याकडे आले ते हेच नाव ऐकून. हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, घराणं मूळ मिरजेकडचं. दुकानाच्या माडीवर राहणारं हे कुटुंब तेव्हा नुकतंच नवनगरच्या बाजूला नवं घर बांधून राहायला गेलं होतं. त्यांच्या मुलीने, सुधाने, कॉलेजात असताना रस्त्यावरून उचलून आणलेला जिमी नावाचा कुत्रा होता, तपकिरी रंगाचा, एक कान पडलेला. सुधा लग्न होऊन कोल्हापूरला गेली, जिमी बापाकडे राहिला. शेठ त्याला घेऊन दुकानात जायचे आणि गादीच्या कडेला बसवायचे. गिऱ्हाईकं त्याला ओलांडून कापड बघायची. नव्या घरात गेल्यावर काही महिन्यांनी जिमीला खाज सुटली. पोटाखाली, काखेत, बोटांच्या मध्ये. शेठच्या बायकोला, सरूबाईंना, आधीच कुत्रं घरात नको होतं. त्यात सुधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. सरूबाईंनी नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, "घरात ओली बाळंतीण आणि तान्हं मूल असणार. हे कुत्रं पुन्हा खाजवताना दिसलं की त्याच दिवशी ड्रायव्हरला सांगून कलघटगी रोडला सोडून येणार. मग मला बोलायचं नाही."

शेठनी हे अक्काला सांगितलं ते हसत हसत, पण हात जोडून. "बाई, काय बी करा, पन ह्यो खाजवायला नको बगा." अक्काने सुई दिली. जिमी शांत झाला. तीन-चार आठवड्यांनी ते पुन्हा आले. पुन्हा सुई. मग अक्काने त्याच औषधाच्या गोळ्या लिहून दिल्या, थोड्या दिवसांसाठी, आणि संपल्या की येऊन दाखवा म्हणून सांगितलं. शेठ आले नाहीत. बरं झालं असेल, असं तिला वाटलं. दवाखाना तुडुंब भरलेला असायचा. न आलेल्या कुत्र्याची आठवण काढायला वेळ कुणाला होता?

सुधाचं बाळ पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर अक्का एकदा हुबळीला त्या दुकानात परकराचं कापड घ्यायला गेली. मी बरोबर होते. गादीच्या कडेला जिमी पसरला होता. शेठ कौतुकाने म्हणाले, "बगा बाई, कसा गुबगुबीत झालाय आमचा राजा! खान्याला नाही म्हनत नाही. पानी तर बादलीभर पितोय." अक्का हातातलं कापड तसंच टाकून खाली वाकली. जिमीचं पोट नगाऱ्यासारखं सुटलं होतं, पाय काड्यांसारखे, पाठीवरचे केस विरळ, चामडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ. बसल्या जागी धापा टाकत होता. "शेठ, गोळ्या अजून चालू आहेत?" तिने विचारलं. शेठ आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाले, "रोज एक. गुळात घालून. मेडिकलवाला देतोय की जुन्या चिठ्ठीवर." अक्काचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. भर दुकानात, गिऱ्हाईकांसमोर ती म्हणाली, "शेठ, हा जाड झालेला नाही. हा आजारी आहे. तुमच्या जिमीला माझ्या औषधाने आजारी पाडलंय. गोळी मी दिली आणि रोज दिली तर काय होतं, हे सांगितलं नाही. चूक माझी आहे."

मग तिने समजावून सांगितलं. हे औषध शरीर स्वतःही बनवतं. बाहेरून रोज मिळालं की शरीर आपलं काम सोडून देतं. त्यामुळे गोळी एकदम बंद करायची नाही. आधी पाऊण, मग अर्धी, मग एक दिवस आड, असं कित्येक आठवडे उतरत जायचं. शेठ मान डोलवत होते. पण त्यांच्या कानात एकच वाक्य राहिलं असणार, तुमच्या जिमीला औषधाने आजारी पाडलंय. आपण गुळातून रोज विष घालत होतो, असं वाटून त्या माणसाने घरी जाऊन गोळ्यांची बाटली गटारात रिकामी केली.

चौथ्या का पाचव्या दिवशी दुकानातला गडी धारवाडला धावत आला. जिमी उठत नाही, सारखा ओकतो, अंग गार पडलंय. अक्काने बॅग उचलली आणि रिक्षाने निघाली. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. जिमी शेठच्या घराच्या पुढच्या पडवीत पोत्यावर पडला होता. डोळे उघडे, पण नजर नाही. अक्काने सलाइन लावलं आणि मग बॅगेतून तीच स्टेरॉइडची बाटली काढली. शेठनी तिचा हात धरला. "बाई, तेच औषद? त्यानंच तर..." "शेठ, हात सोडा," ती म्हणाली. "आत्ता हेच त्याला वाचवेल. मला बोलायला वेळ नाही." त्यांनी हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं. सरूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, नातवाला कडेवर घेऊन. ऊन पडवीत शिरलं तशी त्यांनी आतून एक चादर आणून दोन खांबांना बांधली. अक्का सलाइनची बाटली हातात धरून, दुखरा खांदा सांभाळत उभी. मी म्हटलं, दे मी धरते, तर देईना. ऊन उतरायला लागलं तेव्हा जिमीने मान उचलली आणि शेठच्या धोतराच्या टोकाचा वास घेतला. शेठ मोठ्याने रडायला लागले. मला वाटलं, अक्का आता तरी टेकेल. तर ती बाटली मला देऊन मागच्या अंगणात गेली आणि येरझारा घालायला लागली.

त्या दिवसानंतर ती बदलली. जिमीला ती आपल्याकडे धारवाडला घेऊन आली आणि गोळी इतकी हळू उतरवली, की मला वाटलं, ही आता जन्मभर अर्ध्याची पाव करत राहणार. गंमत म्हणजे गोळी बंद झाली तरी खाज परत आली नाही. पोट उतरलं, केस आले. तिने त्याला नवनगरला नेऊन सोडलं, आणि दोन दिवसांत शेठ पुन्हा दारात. सुरू झाली बघा खाज. परत धारवाडला आणलं, खाज गेली. अक्का झपाटल्यासारखी झाली. "मालू, त्या घरात काहीतरी आहे," मला म्हणायची. "काहीतरी आहे आणि मला दिसत नाही." तिने जिमीचं पोतं बदलायला लावलं, खाणं बदलायला लावलं, फरशी पुसायचं फिनेल बंद करायला लावलं. सरूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "बाई, आता आमीच तेवढं बदलायचं ऱ्हायलोय." पण सांगितलेलं सगळं करायच्या. कलघटगी रोडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

शेवटी एका सकाळी अक्काने ठरवलं, की जिमी जाईल तिथे त्याच्या मागे जायचं. तो फाटकातून निघाला आणि मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये शिरला. नव्या वस्तीत तेव्हा असे पडीक प्लॉट किती होते! सगळीकडे ते गाजरासारख्या पानांचं, पांढऱ्या बारीक फुलांचं गवत माजलेलं. काँग्रेस गवत. जिमीच्या पोटाला लागेल एवढं उंच, दवाने ओलं. तो त्यातून पोट घासत, हुंगत, मजेत फिरत होता. पोट, काखा, बोटांच्या मधली जागा... जिथे केस कमी, तिथे गवत लागणार, आणि खाज नेमकी तिथेच. अक्का कमरेवर हात ठेवून त्या प्लॉटमध्ये उभी राहिली आणि हसायला लागली. मग खात्री करून घ्यावी म्हणून तिने जिमीच्या कुशीवरचे थोडे केस काढून तिथे ते पान पट्टीखाली बांधलं. पट्टी सोडली तर खाली लालभडक चट्टा. तेच पान तिने स्वतःच्या दंडावरही बांधून पाहिलं. तिला काही झालं नाही. "मला काही होत नाही बघ," मला दाखवून म्हणाली. हे वाक्य मला अजून छळतं.

कारण मग ती ते गवत उपटायलाच लागली. आधी शेठच्या मागचा प्लॉट. शेठ, सरूबाई, ड्रायव्हर, सगळे लागले. सरूबाई हाताला फडकी गुंडाळायच्या, अक्का मात्र उघड्या हातांनी. फडक्यांनी पकड बसत नाही, म्हणायची. प्लॉट मोकळा झाला आणि जिमी घरी परतला तो कायमचा. मग ज्या ज्या कुत्र्याची खाज अशी पोटाखालची असेल, त्याच्या घरामागे ही बाई जाऊन पाहणार, आणि गवत दिसलं की पदर खोचून उपटणार. दर पावसाळ्यानंतर हेच. दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी तिच्या पापण्या सुजल्या, मग मान, मग कोपरांच्या लवणी, आणि हात. पान बांधलेला तो दंडसुद्धा. हुबळीच्या कातडीच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या लिहून दिल्या. तिने त्या तळहातावर घेऊन मला दाखवल्या. "ओळखलंस? जिमीची गोळी." तिने ती घेतली, पण अगदी थोडे दिवस, आणि ठरल्याप्रमाणे उतरवत उतरवत बंद केली. बरं वाटलं की पुढे चालू ठेवायचा मोह तिलाही व्हायचा, हे तिने मला सांगितलंय. "मालू, खाज थांबते ना, तेव्हा माणूस काहीही कबूल करेल गं. कुत्र्याच्या मालकांवर मी उगाच चिडत होते." डॉक्टर म्हणाले, हा मुलूख सोडा. ती म्हणाली, "ते गवत नाही असं गाव दाखवा, उद्या जाते."

दवाखान्याचंही सरळ राहिलं नाही. सुई मागणाऱ्याला ती सुई देईना. आधी गार पाण्याने पोट आणि पाय धुवा, खोबरेल लावा, साधी खाजेची गोळी देऊन बघा, पिसवा शोधा, कुत्रं कुठे लोळतं ते बघून या. अगदीच भाजून निघत असेल तर स्टेरॉइड, तेही मोजकं आणि उतरत्या पायरीचं, आणि गोळी संपली की कुत्रं समोर आणून दाखवायचंच. लोकांना एवढा दम कुठला? क्वीनीची मालकीण एकदा रागावून म्हणाली, "पूर्वी तुम्ही एका दिवसात बरं करायचात. आता काय विसरलात?" अक्का दंड खाजवत म्हणाली, "पूर्वी मी बरं करत नव्हते हो, गप्प करत होते." बाई निघून गेल्या त्या परत आल्या नाहीत. दुसरीकडे लगेच सुई मिळत होती. बाकावरची गर्दी ओसरली. अप्पा तेव्हा होते. ते म्हणाले, थोडं लोकांच्या कलाने घे. तिने नाही घेतलं. हळूहळू काही लोक परत आले, काही नाही आले. तिच्या औषधाने सगळी कुत्री बरी झाली असंही नाही. काहींची खाज कशाची, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि अशा कुत्र्याबद्दल बोलताना ती फार अस्वस्थ व्हायची, जणू ते बाहेर दारातच उभं आहे.

जिमी म्हातारा होऊन गेला, झोपेत, दुकानाच्या गादीपाशी. सरूबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही, असं शेठ सांगत होते. अक्का गेल्यावर दोघं भेटायला आली तेव्हा सरूबाई माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "त्यांच्या हातांस्नी मी फडकी बांदायला पायजे हुती. त्यांनी आयकलं नसतं. पन बांदायला पायजे हुती."

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत गवत उपटणं तिला अशक्यच झालं, तेव्हा तिने एक नवा उद्योग काढला होता: कुत्र्यांच्या अंग्या. मऊ, धुऊन धुऊन विरलेल्या सुती कापडाच्या, पोट आणि काखा झाकतील अशा, पाठीवर नाडी. बाहेर जाताना घालायची, घरी आलं की काढून धुवायची. हातमशीन ओट्यावर ठेवून ती उभ्याने शिवायची; एक शिवण झाली की अंगणात चक्कर, मग दुसरी. मशीनवर एक अर्धवट अंगी तशीच होती, सुई कापडात रुतलेली. मी ती काढायला हात घातला, एवढ्यात दार वाजलं. तारिहाळच्या कारखान्यातले एक गृहस्थ, बरोबर काळं कुत्रं. त्यांना काही माहीत नव्हतं. "अक्कार इद्दारेन्री?" अक्का आहेत का, असं त्यांनी विचारलं. "अंगी तयार ठेवते म्हणाल्या होत्या..." मी सांगितलं. त्यांनी चपला काढल्या आणि पायरीवरूनच आतल्या दवाखान्याकडे बघून हात जोडले. कुत्रं काखेत दात घालून खाजवत होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "थांबा जरा," आणि आत जाऊन मशीनचं चाक फिरवलं. मला शिवणाची सवय नाही. टीप वेडीवाकडी गेली. अंगी कुत्र्याच्या अंगात घालायला लागले तर ते गृहस्थ म्हणाले, "बाई, उलटी घालताय. शिवणी बाहेर आल्यात." मी पाहिलं. कापडाच्या दुमडी, टाके, दोऱ्यांची टोकं, सगळं वरच्या अंगाला होतं. आणि आत बोट फिरवलं तर नुसतं मऊ कापड, कुठे काही बोचत नाही. "नाही," मी म्हटलं, "ही अशीच आहे. खरबरीत बाजू आपल्याकडे."

ते गेले. फाटकापाशी कुत्र्याने मागचा पाय उचलला, कापडावरून एकदा फिरवला आणि खाली ठेवला. मी आत आले. ओट्याखालच्या पिशवीत आणखी अंग्या कापून ठेवलेल्या आहेत, लहानमोठ्या. कुठली कुठल्या कुत्र्याची, मला माहीत नाही. पण रोज शाळा सुटली की मी धारवाडची बस धरते, एक अंगी शिवते, सगळ्या शिवणी बाहेर ठेवून, आणि कुणी दार वाजवतंय का, ते ऐकत राहते.